थोरलीचा जीव

दुकानाच्या पाटीवर 'तंतुवाद्यं दुरुस्त करून मिळतील' असं होतं, पण दुकानदाराला सगळे जीवकाकाच म्हणायचे. त्याचं असं आहे, की व्हायोलिनच्या पोटात, तारा पेलणाऱ्या घोडीच्या पायाखाली, पेन्सिलीएवढी जाड एक काडी उभी असते. ना खिळा, ना सरस. नुसती तारांच्या दाबावर टिकलेली. ती केसभर सरकली की वाद्य सर्दी झाल्यासारखं बोलतं आणि पडली की वाचाच बसते. या काडीला काका 'जीव' म्हणायचे. पोटावरच्या वळणदार भोकातून वाकडी सळई घालून ती काडी अंदाजानं उभी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरात मात्र स्वतःचा चष्मा सापडायचा नाही. "परक्याच्या पोटातलं दिसतं, नाकावरचं नाही," असं काकू म्हणायची.

येणाऱ्या वाद्यांत काकांचं एक लाडकं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची मोठी बहीण, अंगानं भरलेली, आवाजानं जरा घोगरी. काका तिला थोरलीच म्हणायचे.

थोरली दोनशे वर्षांची. घडवणारा मूळचा पाळणे करणारा सुतार, म्हणून की काय, पाठीवरून हात फिरवला तर कुठे बोट अडायचं नाही. पण लांबीला त्यानं लगामच घातला नव्हता. तिच्या वयाच्या बाकीच्या बहिणी नंतरच्या लोकांनी कापून आखूड करून घेतल्या. हात काही वाढवता येत नाहीत ना! ही तेवढी अखंड राहिली.

पहिला मालक एक ताडमाड डॉक्टर. त्याच्या हनुवटीनं रोगण घासून थोरलीला एका जागी टक्कल पडलेलं. मग ती गेली त्याच्या बुटक्या जावयाकडे. त्यानं करवत लावली, तर बायको आडवी आली. "माझ्या बापाची वस्तू आहे. आधी उंच व्हा, मग वाजवा." करवतीची खूण अजून काठावर आहे. जावयाच्या नातवाला वाजवण्यापेक्षा हिंडायची हौस. त्यानं थोरली एका टपालवाल्याला दिली आणि बदल्यात त्याची सायकल घेतली. टपालवाल्यानं पुढे जन्मभर पायी पत्रं वाटली, पण संध्याकाळी वाजवलं. तो बाईंचा बाप. बापाचे लांब हात उतरले ते बाईंनाच, म्हणून थोरली बाईंची झाली.

आता बाईंची बोटं आखडली होती. घरात लांब हाताचं कुणी नव्हतं. "सोमवारी संग्रहालयवाले न्यायला येतील," त्या म्हणाल्या. "काचेत सुखानं राहील. तेवढी शेवटची पुसून द्या."

काकांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. न वाजवलेलं लाकूड बोलायचं विसरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मनात तेच घोळत होतं आणि हातांनी चारही तारा एकदम सैल केल्या. शिकाऊ माणूसही करत नाही असली चूक. आत टक् झालं. टपालवाल्याच्याही आधीपासूनची काडी पडली आणि पडता पडता चिरली.

काकांनी तडक फोन लावला. उचलला बाईंच्या नव्या सुनेनं.

"बाईंना सांगा, थोरलीचा जीव गेला. माझ्याच हातनं गेला. लगेच या म्हणावं."

पलीकडे किंकाळी, मग फोन बंद. काका काकूला म्हणाले, "घराणं किती हळवं बघ. सूनसुद्धा!"

तासाभरानं दुकानासमोर गाडी थांबली. आधी बाई उतरल्या, डोळे सुजलेले. त्यांचा हात धरून दुसरी एक म्हातारी, डोक्याला ओला पंचा. मागून वाकून, तरी चौकटीवर कपाळ आपटून, एक मुलगी आत आली.

"तो खुनी कुठाय?" म्हातारीनं विचारलं.

काकांच्या हातातली सळई गळाली.

"ही माझी थोरली बहीण," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे थोरली म्हणजे ही."

"चाळीस वर्षांत बोलला नाहीत कधी, बाई."

"बोलत नव्हतोच आम्ही. बाबांनी व्हायोला मला दिला, तेव्हापासून."

"न्हाऊन दार उघडते तर ही उंबऱ्यात रडतेय," म्हातारी म्हणाली. "विचारलं, अगं कोण गेलं? तर म्हणते, तू!"

मुलगी खो-खो हसत सुटली. ती म्हाताऱ्या थोरलीची नात. घरात तिला शिडी म्हणत.

काकांनी कान पकडले, चिरलेली काडी पुढे केली. "नवा जीव घालू का?"

"आधी जुना घेतलात, आता नवा घालताय. देवच की तुम्ही!" म्हातारी म्हणाली, पण बसली. पंचा सोडून केस पुसू लागली.

काकांचं लक्ष शिडीच्या हातांकडे गेलं. कोपर टेबलाच्या या टोकाला, बोटं त्या टोकाला.

"वाजवतेस का गं काही?"

"व्हायोलिन शिकत होते. सोडलं. खेळण्यातलं धरल्यासारखं वाटायचं."

काकांनी नवी काडी तासली, सळईला टोचली, आत घातली. तीनदा पडली. अशी कधी पडत नसे. चौथ्यांदा उभी राहिली. मग एकेक तार, सावकाश. थोरली त्यांनी शिडीच्या खांद्यावर दिली. डावा हात टोकापर्यंत गेला, तरी कोपरात वाक उरला. तिनं गज ओढला. सूर जरा वाकडाच लागला, पण खोली भरली.

"बाबांचा हात," म्हातारी हळूच म्हणाली. "माझ्या घरात होता, नि मला दिसला नाही."

बाईंनी नाक पुसलं. "संग्रहालयाला कळवते, थोरली अजून जिवंत आहे म्हणून."

"मला काचेत ठेवायला निघाली होतीस होय?" म्हातारी म्हणाली.

काकूनं नंतर विचारलं, "एरवी फोनवर 'काडी पडली' म्हणता. तेव्हाच बरा जीव आठवला?" काका चष्मा शोधायला लागले. तो नाकावरच होता.

आता दर रविवारी दुकानात फोन वाजतो. मागे शिडीचा सराव चाललेला ऐकू येतो, आणि खणखणीत आवाजात निरोप येतो, "थोरली बोलतेय. जीव जागेवर आहे. दोघींचाही."