विनायकराव अकोलकरांची ग्रंथसंपदा

विनायक अकोलकर माझे भाऊजी, सुधाताईचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात. भाऊजी साहित्यिक झाले. सुरतेत अडाजणच्या फ्लॅटच्या दारावर 'विनायक अकोलकर, साहित्यिक' अशी पितळी पाटी लागली, तेव्हा पहिलं पुस्तक छापूनही झालं नव्हतं.

ते पहिलं पुस्तक कुटुंबावर होतं. घासातला घास देण्यानं मन कसं मोठं होतं, हे त्यात पानोपानी होतं. भाऊजींची सख्खी बहीण नाशिकला असते. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं म्हणून भाऊजींनी तिचं नाव टाकलं होतं. पुस्तकात ती लहानपणी दोन वेण्या घालून येते आणि मग एकदम नाहीशी होते.

ताईनं एकदा विचारलं, "अहो, वन्संचं पुढे काय झालं ते नाही लिहिलंत?"

"विषयाची गरज नव्हती," भाऊजी म्हणाले.

मग श्रद्धेवरचं पुस्तक. उपास ताई करायची, लिहायचे भाऊजी. चतुर्थीला ती स्वयंपाकघरात यांच्यासाठी साबुदाणा परतत असायची आणि आतून आवाज यायचा, "सुधा, उपासात आतून नेमकं काय वाटतं गं?"

"भूक लागते," ताई सांगायची.

पुस्तकात ते 'अंतरीची पोकळी परमेश्वर भरून काढतो' असं उतरलं.

तिसरा होता सुरतेतल्या मराठी माणसाचा इतिहास. भाऊजींच्या ओळखीचे जेवढे बँकवाले, शिक्षक आणि मंडळांचे माजी अध्यक्ष होते, ते सगळे फोटोसकट त्यात आले. उधन्याला कापडाच्या लूमवर राबणारे हजारो खानदेशी लोक आले नाहीत. लोटू नावाचा त्यांच्यातला एक म्हातारा कारागीर गणपतीच्या आमंत्रणाला घरी आला होता. पुस्तक हातात घेऊन, आपल्या माणसांचं काही सापडतं का ते बघत त्यानं विचारलं, "आमनं काही शे का यामा?"

"अहो, हा इतिहास आहे," भाऊजी म्हणाले. "तुम्ही लोक पोटासाठी आलात."

भाऊजी स्वतः बदली होऊन आले होते, आणि बदली चुकवायला त्यांनी काय काय खटपटी केल्या होत्या ते ताईला ठाऊक होतं. ती लोटूसाठी चहा टाकायला उठली.

त्यानंतर ताईला कॅन्सर निघाला. त्यांची एकुलती एक मुलगी अर्चना शाळेत शिकवते. तिनं बिनपगारी रजा घेतली आणि आईजवळ राहिली. भाऊजी दवाखान्यात रोज यायचे, खोटं कशाला बोलू. खिडकीशी बसून प्रुफं तपासायचे. नर्सनं सलाइनची बाटली बदलायला बाजूला व्हायला सांगितलं, तर कपाळाला आठी.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला आणि अर्चनाला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार वेळ नाही. भाऊजी झब्बा घालून तयार होते. शहराबाहेर कामरेजला कुठल्याशा मंडळात कुटुंबावरच्या पुस्तकाबद्दल त्यांचा सत्कार होता.

"बाबा, आज नका जाऊ," अर्चना म्हणाली.

"लोक खोळंबलेत तिकडे. जेवायच्या वेळेपर्यंत येतो."

दुपारी ताई गेली. तिचा हात अर्चनाच्या हातात होता, मी पायाशी होतो. भाऊजी आले ते खांद्यावर शाल तशीच घेऊन. "हायवेला ट्रॅफिक फार," म्हणाले. अर्चनानं ती शाल त्यांच्या खांद्यावरून काढली आणि खुर्चीवर ठेवली.

वर्षश्राद्धाच्या आत वियोगावरचं पुस्तक तयार झालं. प्रकाशनाला हॉल भरला होता. पुढे सत्कारात जुने झालेले लोक, मागे खमणाच्या वासानं थांबलेले. लेकीनं दोन शब्द बोलावेत अशी भाऊजींचीच इच्छा. अर्चनानं पुस्तक उघडून एक वाक्य वाचलं: 'तिचा थंड होत चाललेला हात माझ्या हातात होता.'

पुस्तक मिटून ती म्हणाली, "आई गेली तेव्हा बाबा कामरेजला सत्कार घेत होते. हात मी धरला होता. मामा तिथे होते, त्यांना विचारा."

आणि खाली उतरून ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचे हात गार पडले होते. अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले की साहित्यात कल्पनेचं स्थान मोठं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर भाऊजी बरेच दिवस कुठे दिसले नाहीत. फोन उचलेनात. माणूस आतून मोडला असेल, असं वाटून मला त्यांची कीव आली आणि मी अडाजणला गेलो. ते टेबलाशी बसून लिहीत होते. चेहऱ्यावर तजेला होता.

"चेतन, अर्चनानं मला केवढी वाट दाखवली," ते म्हणाले. "सुरुवातच चुकली होती माझी."

दुसरी आवृत्ती 'ती गेली तेव्हा मी कामरेजला होतो' या वाक्यानं सुरू झाली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. एवढा प्रामाणिकपणा आजकाल कुठे राहिलाय, असं जो तो म्हणू लागला. एका संस्थेनं पुरस्कार दिला. सभांतून भाऊजी ते पहिलं पान वाचतात, ठरल्या जागी त्यांचा आवाज भरून येतो आणि समोरच्या बायका पदरानं डोळे टिपतात. बायकोच्या मरणाला हजर न राहण्याचं इतकं कौतुक झालेला दुसरा माणूस सुरतेत नसेल.

यंदा तिसरी आवृत्ती निघायची होती. मुखपृष्ठावर ताईचा फोटो हवा होता. शेवटच्या दिवसांतला एकच फोटो होता, अर्चनाच्या फोनमध्ये. केस गेलेली, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, आणि कशालातरी खळखळून हसत असलेली ताई. भाऊजी तो मागायला तिच्या घरी गेले. मी तिथेच होतो.

"वाचकांना तिला बघायचंय गं," ते म्हणाले.

"आई माझ्याकडे बघून हसत होती, बाबा," अर्चना म्हणाली. "वाचकांकडे नाही."

तिनं त्यांना पानात वरण-भात वाढला, वर तूप वाढलं. ते जेवले आणि गेले. पुस्तक परवा आलं. मुखपृष्ठावर तेवती समई आहे, कुठूनतरी आयती मिळालेली. ताईच्या देवघरात तसली समई कधीच नव्हती.