पाटीवरचा हात

पितांबर आबांचं खरं शिक्षण हायवेने केलं. शाळा चौथीत सुटली, पण गावाच्या वळणावर उलटलेला कुठलाही ट्रक नुसता लांबून बघून आबा सांगायचे की आत माल काय, गाडी कुठली आणि डुलकी ड्रायव्हरला लागली की टायरने दगा दिला. एरंडोल आणि पारोळ्याच्या मधलं हे गाव. तिथलं वळण सरळ करायचं दर निवडणुकीला ठरतं आणि निवडणूक झाली की त्यावर फक्त नवा बोर्ड लागतो.

गाडी उलटली की आबा शिट्टी घेऊन निघायचे. त्यांचे नियम कडक होते. पहिल्यांदा ड्रायव्हरला बाहेर काढायचं, निंबाखाली बसवायचं, चहा पाजायचा. मग मालाला हात लावायचा. माल घरटी सारखा वाटायचा, धक्काबुक्की करायची नाही. पामतेलाचा टँकर उलटला तेव्हा गाव भजी खाऊन खाऊन आजारी पडलं होतं. एकदा कंपासपेट्या मिळाल्या, तर ज्या घरात पोर नाही त्या घरातही दोन दोन आल्या. चोरी? छे छे! सांडलेलं उचलणं म्हणजे रस्ता साफ करणं, असं आबांचं ठाम मत होतं. हे मत पोलिसांपुढे मांडायची वेळ आली की मात्र आबा नेमके शेतात असायचे.

गेल्या चैत्रात वळणावर एक पांढरा टँकर आडवा झाला. आबांनी शिट्टी मारली. ड्रायव्हर परप्रांतातला, पाय मोडलेला. त्याला उचलून निंबाखाली आणलं, तर चहा राहिला बाजूला, तो एकसारखा ओरडत होता, "हाथ मत लगाना! कोई हाथ मत लगाना!"

"बठ्ठा ड्रायव्हर असंच म्हणतस," आबा हसून म्हणाले; सगळ्याच ड्रायव्हरांचं हे रडगाणं, असा त्यांचा अनुभव. ते टँकरच्या मागे गेले; तिथे काहीतरी गळत होतं. वास घेतला, काही वास नव्हता. बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिलं, गुळगुळीत लागलं. आणि मग त्यांना ती पाटी दिसली. चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, त्यात एक हात, आणि हातावर वरून थेंब पडताहेत.

"काय शे यामा, आबा?" मागून गर्दीने विचारलं.

"हात धुवानं लिक्विड शे! चित्र काढेल शे ना हातनं! भरा बठ्ठाजण!"

झालं! आबांनी सांगितलं म्हटल्यावर कोण विचारतंय? कॅन आले, कळश्या आल्या, कुंदाबाईने तर लग्नातलं पिंप आणलं. कोरोनाच्या काळात जे गाव राखेने हात धुवत होतं, त्याला आता आयुष्यभराचा साबण मिळाला होता. आबांच्या हाताला चुणचुण सुटली होती. पण पुढाऱ्याने हात खाजवत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तो खिशात घातला.

घरी आल्यावर आबांनी एक कॅन गोठ्यात ठेवला आणि थोडं लिक्विड जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात ओतलं. पातेलं फसफसायला लागलं. नुसता फेसच फेस! "ये वं, देख," त्यांनी बायकोला, बेबाबाईंना, हाक मारली. "अस्सल माल शे. फेस तर देख!"

बेबाबाई वाकल्या. पातेल्यातलं उसळलं ते थेट डोळ्यांत गेलं.

पुढचं सांगताना आजही राग येतो. अरे, बाई किंचाळतेय, घरात पाण्याची टाकी भरलेली आहे, तिच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरायची की नाही? आबा धावत ओसरीवर गेले आणि गल्लीत जमलेल्यांना दवाखान्यात काय सांगायचं ते सांगत बसले. कारण तोवर कुणाची बोटं सोलली होती, कुणाच्या पायावर फोड आले होते, आणि आबांच्या डोक्यात एकच विचार होता : पोलीस चोरीत घेतील. "कोणी टँकरकडे गयंच नही. हातवर गरम तेल सांडनं. डोयामा मिरची गयी. समजनं?" सगळ्यांना समजलं. दवाखान्यात अख्ख्या गावाने तेल आणि मिरची सांगितली, आणि डॉक्टरने बिचाऱ्याने मिरचीचे उपचार केले, त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

चार दिवसांनी नाशिकच्या मोठ्या डॉक्टरने बेबाबाईंचे डोळे पाहिले आणि आबांकडे बघून विचारलं, "ही मिरची कुठल्या दुकानातली?" डाव्या डोळ्याला आता उजेड-अंधारच कळेल, म्हणाला. उजवा वाचेल कदाचित, पण ऑपरेशन लागेल, आणि तेही लांबवून चालणार नाही.

चाळीसगावला दिलेली लेक मयुरी आईच्या सोबतीला आली. तिनेच बापाला ओढून वकिलाकडे नेलं. वकील म्हणजे एरंडोलच्या फुलचंद शेठजींची नात विधी, जळगावच्या कोर्टात उभी राहणारी. आबा तिच्यापुढेही आधी तिखटच घेऊन बसले. मग मयुरीने डोळे वटारले तेव्हा टँकरवर आले, आणि टँकरवर आले म्हटल्यावर अंगात वारं भरलंच. पाटीचं वर्णन त्यांनी हातवारे करून केलं.

विधीने मोबाईलवर एक चित्र काढून पुढे धरलं. "हीच का, आबा?"

"हीच ना! हात धुवानी."

"आबा, ही हात धुवायची नाही. हे अंगावर पडलं तर हात जळतो, असं सांगणारी पाटी आहे. टँकरात कॉस्टिक सोडा असणार. ते साबणासारखं गुळगुळीत लागतं, कारण ते आपली कातडीच खात असतं. जर्मनच्या भांड्यात घातलं की भांडं खातं, म्हणून उसळलं."

आबांनी खिशातला हात आणखी आत घातला.

विधीने मग कायदा सांगितला. असला धोक्याचा माल वाहून नेणाऱ्याने जखमींना मदत द्यायचीच असते. चूक कोणाची होती हे जखमी माणसाने सिद्ध करत बसायचं नसतं. अर्ज कलेक्टरकडे करायचा, पाच वर्षांच्या आत. वाहन अपघाताचा दावा वेगळा, तो मात्र लवकर करावा लागतो. "माल उचलल्याबद्दल पोलीस काय म्हणतील ते आपण वेगळं लढू. त्यानं काकूंचा हक्क आपोआप जात नाही," ती म्हणाली. "पण काकूंचे डोळे टँकरातल्या मालाने गेले, एवढं तरी दाखवावं लागेल. केसपेपरवर मिरची आहे, आबा. रस्ता धुवून झाला, पाटी टँकरच्या कंपनीने उतरवून नेली, आणि कंपनी म्हणते साबणाचं पाणी होतं. आता खरं बोलणारं कोण आहे?"

कोणी नव्हतं. गावातल्या प्रत्येक गोठ्यात पुरावा कॅनमध्ये झाकून ठेवलेला होता, आणि प्रत्येक तोंड सांगत होतं की आम्ही तिकडे गेलोच नाही. असा बंदोबस्त कंपनीलाही जमला नसता.

त्याच आठवड्यात कंपनीचा योगराज नावाचा साहेब आला, गोड बोलणारा, इस्त्रीचा. ड्रायव्हरचा जीव वाचवल्याबद्दल आबांचा जाहीर सत्कार करायचा म्हणाला. शाल, श्रीफळ, मोठा फोटो. "फक्त दोन शब्द बोला, आबासाहेब. तुम्ही जाणकार. साबणाचं पाणी तुम्हीच तर पहिल्यांदा ओळखलंत!"

आबांना जन्मात कोणी आबासाहेब म्हटलं नव्हतं. रात्रभर ते कूस बदलत राहिले. पहाटे बेबाबाई पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मयुरीना बाप, मिरची नही व्हती ना ती?" त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आबा उठून गोठ्यात कॅनपाशी गेले.

सत्काराला मंडप उभा राहिला. तलाठी, सरपंच, सगळं गाव. पुढच्या रांगेत मयुरीने आईला धरून बसवलं होतं, शेजारी विधी. योगराजने भाषणात साबण सात-आठदा आणला आणि शाल उलगडली.

"थांबा साहेब," आबा म्हणाले. ते मंडपाच्या मागे गेले आणि बगलेत कॅन, हातात बुडाला भोकं पडलेलं पातेलं घेऊन स्टेजवर चढले. माईक जरा जास्तच जवळ धरला. "शाल घालाना पहिले हात धुवा, साहेब. तुम्हनंच साबणनं पाणी शे. मी ओततो."

त्यांनी कॅनचं झाकण फिरवलं. योगराजने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि इतका झटकन मागे सरला की खुर्ची पडली. "अहो, ते उघडू नका! बंद करा ते! कोणी हात लावू नका!"

निंबाखालचा ड्रायव्हर हेच ओरडत होता. विधीच्या मोबाईलवर सगळं रेकॉर्ड होत होतं.

आबांनी झाकण घट्ट बसवलं. मग खिशातला हात बाहेर काढला, कातडं गेलेला, आणि सगळ्यांना दाखवला. "मी पाटी चुकीनी वाची. मी खोटं बोलनू, आनि तुम्हलेबी बोलाले लावं. मिरची नही व्हती. हाई मन्हीच चूक शे." कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. आबांनी त्याला हसू दिलं.

कॅन आणि पातेलं त्यांनी तलाठ्यापुढे ठेवलं. सीलबंद करून पंचनामा करा, असं विधी सांगू लागली. कुंदाबाई उठल्या आणि पदर खोचत पिंप आणायला घराकडे निघाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं उठले.

आबा खाली उतरून बायकोपाशी आले. शाल स्टेजवरच पडली होती.

"धोयात का त्यानी हात?" बेबाबाईंनी विचारलं.

"नही."

"तुम्ही मन्हा डोया धुयाले पाहिजे व्हतात," त्या म्हणाल्या. "टाकी भरेल व्हती."

आबा त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले.