वरच्या फळीचं पाणी

तात्या पंप घ्यायला बारामतीला निघाले की एक वेळ पाकीट घरी विसरतील, पण पिशवीतला पितळी तांब्या कधी विसरायचे नाहीत. दुकानात शिरले की आधी बादलीभर पाणी मागायचे, मग स्टूल. घरच्या सर्वांत वरच्या फळीची उंची त्यांनी सुतळीला गाठ मारून आणलेली असायची. पंप बादलीत सोडायचा, स्टुलावर चढून नळीचं तोंड त्या गाठीपाशी धरायचं आणि तांब्या किती वेळात भरतो ते माझ्या घड्याळावर बघायचं.

"अहो तात्या, किती पाणी फेकतो ते खोक्यावर छापलंय की!" दुकानदार वैतागून म्हणायचा.

"छापलंय ते जमिनीवरचं. माझं गवत वरच्या फळीवर हाय," तात्या स्टुलावरूनच सांगायचे. फळीवरचं गवत म्हटल्यावर गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. हसणाऱ्यांचं तात्यांना काही वाटत नसे, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते आणि त्यांचा क्वार्टरमधला शेजारी मी तिथंच ड्रॉइंग खात्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून जवळच कळंबला थोरल्या भावाच्या घराशेजारी राहायला गेले. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. तात्यांनी तरुणपणीच काठी टाकून पाना हातात धरला, पण थोरल्या दादांनी शेती सांभाळून वीसेक मेंढरं ठेवली होती. दिवाळी झाली की दादा आणि वहिनी ती घेऊन इतर बिऱ्हाडांबरोबर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे.

एका वर्षी दिवाळीच्या आधीच वहिनींचा पाय मोडला. सामान घोड्यावर लादण्यापासून भाकरीपर्यंत वाटेवरचा सारा संसार त्यांच्या हातात, त्यामुळं मेंढरं घरीच राहिली. माघापर्यंत माळ खरवडल्यासारखा झाला. नुसत्या कडब्यावर मेंढरं खंगायला लागली, तेव्हा दादांनी मेंढरांच्या व्यापाऱ्याला सांगितलं, "होळी झाली की न्यायला या." वहिनींनी बाजेवर भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

"वहिनी, मेंढरं रानात जात न्हाईत तर रान घरात आणू," तात्या म्हणाले. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात त्यांनी मातीशिवाय ट्रेमध्ये उगवलेला मका पाहिला होता. आठवड्याभरात त्यांनी रिकाम्या खोलीत लोखंडी घोडे उभे करून त्यांवर एकावर एक फळ्या टाकल्या, पत्र्याच्या ट्रेंना भोकं पाडली आणि भिजवून मोड काढलेला मका त्यात पसरला. खाली पिंप, पिंपातून पाणी वरच्या ट्रेमध्ये आणि तिथून फळीफळीनं झिरपत पुन्हा पिंपात. एक पंप तेवढा हवा होता.

तो आणायचा मान मी घेतला आणि माती खाल्ली. आमच्याकडे माणसाची ऐपत त्याच्या विहिरीवरच्या मोटारीवरून ठरते. लहान काय न्यायचं म्हणून मी ऐटीत अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार नेली. तात्याही कारखान्यात अजस्र पंपांत वाढलेले, त्यांनाही ती गोड वाटली. बटण दाबलं आणि वरच्या ट्रेमधला मका धबधब्यानं खाली आला. आम्ही दोघं नखशिखांत भिजलो आणि निम्मं बियाणं अंगणात वाहून गेलं.

बाजेवरून वहिनींचा आवाज आला, "भावजी, मेंढरू कधी पळतं पाणी पितं का? त्याला थांबलेलं लागतं. मग बियाला पळतं कसं चालंल?"

तात्या मिशीतलं पाणी पुसत उभे राहिले. "आयला, जल्म पंपात गेला आन् हे मला कळलं न्हाय," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी आम्ही तांब्या घेऊन बारामती गाठली. पाच पंप बादलीत बुडवून झाले, तेव्हा मुठीएवढा एक कूलरचा पंप पास झाला. गाठीच्या उंचीवर तो तांब्या सावकाश भरत होता, पण धार तुटत नव्हती. तात्यांनी तसलेच दोन घेतले. "एक कामाला, एक भरोशाला," ते म्हणाले.

पुढं त्या खोलीत तात्यांचाच कायदा चालायचा. पंप थोडा वेळ चालवायचा, मग मुळांना श्वास घ्यायला बंद ठेवायचा, नाहीतर बुरशी धरते. टरफलं आत जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधायचं. पिंपात हात घालण्याआधी पिन काढायची. पाणी आटलं तरी पंप चालू राहिला की ते घरादारावर ओरडायचे, "त्याला तहानेनं मारता व्हय रं?" वीज गेली की तोच पितळी तांब्या घेऊन स्वतः फळ्यांवर शिंपडत बसायचे. एरवी रागीट माणूस, पण त्या खोलीत हलक्या पावलानं वावरायचा.

होळी झाली आणि व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. त्याच दिवशी पहिले ट्रे काढायचे होते. खाली मुळांची पांढरी गादी आणि वर वीतभर हिरवंगार गवत. तात्यांनी ते अंगणात अंथरलं, पण मेंढरांना मातीचा वास नसलेलं गवत ओळखू येईना. ती हुंगून मागं सरली. व्यापारी हसला. तात्यांचा चेहरा पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

तेवढ्यात काठी टेकत वहिनी बाहेर आल्या. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच उंबरा ओलांडून. त्यांनी गादीचा एक तुकडा तोडला, म्हाताऱ्या मेंढीपुढं धरला आणि रानात घालतात तशी लांब साद घातली. मेंढीनं तोंड लावलं. मग सगळा कळप असा तुटून पडला की पांढरं मूळसुद्धा शिल्लक राहिलं नाही.

"चहा घेऊन जा," दादा व्यापाऱ्याला म्हणाले. टेम्पो रिकामा गेला. आनंदानं मला रडू आलं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात एकही मेंढरू गेलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर वहिनी घोड्याच्या पुढं चालत कोकणात निघाल्या, तेव्हा तात्या फेटा बांधून वेशीपर्यंत आले होते.

तात्या आता नाहीत. वहिनींनी तो तांब्या मला आणून दिला. "भावजींचा हाय, रिकामा ठेवू नका," म्हणाल्या. परवा घरच्या गच्चीतल्या भाजीसाठी पंप घ्यायला मी बारामतीच्या त्याच दुकानात गेलो. पिशवीतून तांब्या काढला. तो दुकानदार आता म्हातारा झालाय. त्यानं बादली भरून आणली, स्टूल पुढं सरकवलं आणि मनगटावरचं घड्याळ सोडून स्वतःच हातात घेतलं.