सिमरोलीच्या मठाची अकरा नावं

भालचंद्रराव जठारांना मोडी वाचता येत होती, आणि हे ते कुणालाही विसरू देत नसत. सरकारी दप्तरातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ग्वाल्हेरात गोरखीजवळच्या आपल्या घरात ते सकाळी दहाला टेबलाशी बसत आणि पाचला उठत. बायको सीमंतिनी म्हणे, "एवढी हाजिरी तर नोकरीत पण नव्हती तुमची."

सध्या टेबलावर होता सिमरोलीचा मठ, म्हणजे त्याच्या इतिहासाचं पुस्तक. ग्वाल्हेरपासून दोन तासांवरच्या या खेड्यात एके काळी हत्यारबंद गोसावी राहत. सकाळी महादेवाची पूजा, दुपारी भाल्याचा सराव, आणि दरबाराचं बोलावणं आलं की घोड्यावर मांड. आता तिथे उरली होती पडकी पागा, ओळीने समाध्या, ऐंशी पार केलेले महंत दयालगिरी आणि त्यांचा एकुलता एक चेला, चाळिशीचा दौलतगिरी.

महंतांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना नावं हवी होती. मठाची रीत अशी, की महंताला समाधी देताना चेल्याने मागच्या साऱ्या गुरूंची नावं मोठ्याने म्हणायची. ती गुरूच्या तोंडून चेल्याच्या कानात पडलेली हवीत, कागदावरून वाचलेली चालत नाहीत. गुरूने ती कुठून मिळवली, हे मात्र कुणी विचारत नसे. मागे एक महंत पटकीने एका दिवसात गेले, आणि त्यांच्या आधीची सगळी नावं त्यांच्याबरोबर गेली. दयालगिरींना तीनच ठाऊक होती.

"जठार साहब, आप ढूँढ दो," ते म्हणाले होते. "दौलत के कान में डाल दूँ, फिर चैन से जाऊँगा."

नावं सापडली. प्रत्येक नव्या महंताला दरबाराची मंजुरी लागे, आणि त्या मंजुऱ्यांच्या नकला एका जुन्या सरदार घराण्याने रुमालात बांधून ठेवल्या होत्या. कार्तिकात भालचंद्ररावांनी ती तीन धरून अकराच्या अकरा नावं स्वच्छ नागरीत उतरवली, खाली सवयीने तारीख घातली आणि कागद खणात ठेवून दिला.

आता याला काय म्हणावं? माणूस वाईट नव्हता. पण मनातल्या मनात त्यांनी समारंभ मांडला होता. जयेंद्रगंजातलं सभागृह, पुस्तकाचं प्रकाशन, व्यासपीठावर महंत, आणि आपण एकेक नाव वाचतो आहोत. आधीच सांगून टाकलं तर मग मजा काय राहिली? शिवाय महंत पडले भोळे. उद्या कुण्या प्राध्यापकाजवळ बोलून बसले, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यामुळे महंतांचा फोन आला की हे म्हणत, "बस महाराज, काम चल रहा है."

सीमंतिनीबाईंना राहवेना. "अहो, सांगून का नाही टाकत त्यांना? वय काय आहे त्यांचं!"

"छापून येऊ दे गं एकदा."

मग मुखपृष्ठाचा भगवा मनासारखा उतरेना. प्रस्तावना लिहिणारे गृहस्थ मुलाकडे पुण्याला जाऊन बसले. असं करता करता पौष संपला.

माघात दौलतगिरीचा फोन आला. महंत पहाटेच गेले होते.

भालचंद्ररावांनी खणातला कागद खिशात घातला आणि टॅक्सी केली. ते पोचले तेव्हा दयालगिरींना खड्ड्यात आसन घालून बसवलं होतं आणि भोवती मीठ भरणं चाललं होतं. दौलतगिरीने हात जोडून तीन नावं म्हटली. तीन नावांना वेळ तो किती लागणार? पुढे काय करावं हे न कळून तो नुसताच उभा राहिला. भालचंद्ररावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. कागदावरचं चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात त्यांनीच ते लिहिलं होतं. मग माती पडू लागली.

लोक पांगल्यावर त्यांनी कागद पुढे केला. दौलतगिरीने तो सावकाश, अगदी खालपर्यंत वाचला.

"ये तो कातिक की तारीख है."

"हाँ."

"गुरुजी पूस में भी रोज़ पूछते थे. साहब का फोन आया क्या?"

शरमेने भालचंद्ररावांना मान वर करवेना. आपल्या टाळ्यांसाठी आपण एका म्हाताऱ्याला तीन महिने ताटकळत ठेवलं, एवढंच खरं होतं. काही बोलायला म्हणून ते म्हणाले, "अब आप तो याद कर लीजिए. आगे काम आएँगे."

दौलतगिरीने कागदाची नीट घडी घातली आणि तो त्यांच्या हातात परत दिला.

"किताब में छाप दीजिए, साहब. जो नाम गुरुजी को नसीब नहीं हुए, वो मैं कैसे रख लूँ? अपने चेले को तो मैं गुरुजी समेत चार ही बता पाऊँगा."