कोरी ठेवलेली गल्ली

"हे असं काहून?" कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेनाचं मागचं टोक टेकवून मॅडम विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन उचलायच्या नाहीत.

जबलपूरला सदरमध्ये एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस होतं. शहरात कुठे घरं काय भावानं विकली जातात, ते नकाशावर रंगांनी दाखवायचं, हे आमचं काम. भाव जास्त, तिथे रंग गडद. मॅडम जबलपूरच्याच, पुण्यातली मोठी नोकरी सोडून परत आलेल्या आणि हे ऑफिस त्यांनीच काढलेलं.

माणसं निवडण्याची त्यांची रीत तुम्ही पाहायला हवी होती. उमेदवारापुढे नकाशा ठेवायच्या, चहा मागवायच्या आणि गप्प बसायच्या. मी घाबरून म्हणालो होतो, "यातलं अर्धं मला समजून नाही राहिलं." त्या म्हणाल्या, "चलो, सोमवारपासून या."

पुढे शहरातल्याच गोहलपूर भागातली एक मुलगी मुलाखतीला आली. नकाशा बघून म्हणाली, आमची गल्ली इतकी फिकी दाखवली ते चूक आहे. तिथली घरं स्वस्त नाहीत, ती विकलीच जात नाहीत. बापाकडून लेकाकडे जातात. खरंच, आकडे नव्हते तिथे आमच्या प्रोग्रामनं सर्वांत फिका रंग भरला होता. प्रोग्राम माझा होता. मॅडमनी तिला तिथल्या तिथे घेतलं आणि आम्हा दोघांना आठवडाभर त्या गल्ल्यांतून पायी फिरवलं. मग नकाशावर ती जागा कोरी ठेवली. खाली लिहिलं, 'माहिती नाही'.

ज्या बिल्डरसाठी नकाशा होता, त्याला तिथेच जमीन स्वस्तात घ्यायची होती. त्यानं फिका रंगच परत भरायला सांगितलं.

"भैया, वहाँ लोग रहते हैं," मॅडम एवढंच म्हणाल्या.

ते काम गेलं. वर्षभरात ऑफिसही बंद करावं लागलं. पण आम्हा दोघांना दुसरीकडे नोकरी लागेपर्यंत त्यांनी कुलूप लावलं नाही.

त्यानंतर त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटताना खिडकीतून त्या मला काहीतरी म्हणाल्या. गलक्यात मला ऐकू आलं नाही, तरी मी समजल्यासारखी मान हलवली. फोनवर विचारू, असं मनात म्हटलं. दोन-तीनदा बोलणंही झालं, पण तेवढं राहून गेलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला, मॅडम गेल्या म्हणून.

आता मीही माणसं निवडतो. समोरचा समजल्यासारखी मान हलवतो, आणि मला वाटतं, मॅडमना एकदा विचारावं, तेव्हा खिडकीतून काय म्हणाला होतात?