समदी बाहेरची

काकीचा हात तोंडाच्या आधी बोलायचा. ओटीवर बसल्या बसल्या ती तळहात पाठीमागच्या खोल्यांकडे झटकायची आणि मग म्हणायची, "गावान आता आपलं कोन हाय? समदी बाहेरची." त्या बारा खोल्या तिनेच भाताच्या शेतावर बांधल्या होत्या आणि त्यांच्या भाड्यावर घर चालत होतं. हे तिला तोंडावर सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तुम्ही राहनाळकडे गेला असाल तर गोदामं पाहिलीच असतील. ट्रकांच्या रांगा, पत्र्याच्या शेडी आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं गाव. त्या गावची काकी धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजीच्या आधी मान तिचा. ती धवले गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते, गणपतीपासून वेशीवरच्या देवापर्यंत. ती ओळ म्हणते, शेजारची बाई तीच ओळ झेलते आणि तेवढ्यात काकी श्वास घेते. झेलणारी नसेल तर धवला पुढे सरकत नाही.

माझं धामणकर नाक्यावर दुकान आहे, लग्नाचं शूटिंग करतो. काकीचा आवाज मी वीसेक वर्षं कॅमेऱ्यामागून ऐकला. तिच्या ओळी झेलणारी तिची जाऊ वारली तेव्हा वाटलं, आता संपलं. दोन्ही सुनांना धवला गावंढळ वाटायचा. एकीने तर भर मांडवात मला हळूच सांगितलं, "भाऊ, हे एडिटिंगमध्ये कापा."

मग एका हळदीला काकीशेजारी एक अनोळखी बाई बसलेली दिसली. ती सातव्या खोलीतली भाडेकरीण. नवरा गोदामात हमाली करायचा आणि दोघं बंगालच्या बाजूची, एवढंच गावाला ठाऊक. काकी दुपारी तांदूळ निवडताना गुणगुणायची, ते या बाईने भिंतीपलीकडून सहा वर्षं ऐकलं होतं. तिचं मराठी भाजी घेण्यापुरतं, पण धवला मुखोद्गत.

मांडवात कुजबूज सुरू झाली. नवऱ्यामुलाचा मामा पुढे आला. "काकी, आपले देव परकी बाई बोलावनार?"

काकीने पानाची पिंक टाकली. "तुजे बायकोला येतंय का? तिला बसव. ही उठंल."

मामा मागे सरकला आणि धवला पुरा झाला. पुढची दोन वर्षं दोघी जोडीनेच लग्नांना जात. ती बाई काकीला 'मासी' म्हणायची, तिच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. तरी काकीच्या हाताची सवय काही जाईना. बाई समोर चहा घेऊन उभी असली तरी हात मागे जायचा, "समदी बाहेरची." बाई हसायची आणि मीही हसायचो.

त्या सकाळी मी एका लग्नाचा पेनड्राइव्ह द्यायला गेलो होतो. साध्या कपड्यांतले दोघे पोलीस हातात यादी घेऊन आले. भाडेकरू कोण, कुठले, असं विचारू लागले.

काकीचा हात गेलाच मागे. "काय इचारता? समदी बाहेरची. कुठशी कुठशी येतान."

"सीमेपलीकडची पण आहेत का कोणी?"

"असतील. मना काय ठाव?"

त्यांनी लिहून घेतलं आणि काकीने खाली अंगठा उठवला. मी शेजारी चहा पीत होतो. खरं सांगतो, मला तेव्हा गंमतच वाटली होती, आणि त्याची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी पोलीस त्या बाईला घेऊन गेले. नवरा कागद आणायला गावी पळाला आणि सातव्या खोलीला कुलूप लागलं.

काकी ठेवणीतलं लुगडं नेसून मला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. "ती बाहेरची न्हाय," ती म्हणाली. "माजे जोडीची हाय."

टेबलामागच्या माणसाने कागद पुढे केला. "आजी, अंगठा तुमचाच ना?"

काकीला वाचता येत नव्हतं, तरी तिने कागदावरच्या आपल्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. "अरे, ते तं मी रोजच बोलते," ती म्हणाली. "ते काय लिवून घेवाचं असतं?"

तीन आठवड्यांनी नवऱ्याचा फोन आला. बाईला सीमेपार सोडलं होतं. तो म्हणत होता ती मालद्याची, म्हणजे सीमेच्या अलीकडच्याच बंगालची, कागद मिळालेत, पण आता दाखवायचे कुणाला? ती खरी कुठली होती, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिने गायलेले धवले कुठले होते, ते मात्र सांगू शकतो.

माघात गावात लग्न निघालं. काकी आली, मांडवात बसली आणि शेजारचा पाट तिने कुणाला घेऊ दिला नाही. गणपतीची ओळ म्हणून ती नेहमीइतकंच थांबली. कुणी झेललं नाही. दुसऱ्या देवाची ओळ म्हणून पुन्हा थांबली. तिला धाप लागली होती. भोवती गावच्याच लेकीसुना दाटीने बसल्या होत्या, पण एकीच्याही तोंडातून सूर निघेना. तिसऱ्या देवापाशी काकीचा आवाज फाटला.

"काकी, पुढं?" कुणीतरी विचारलं.

तिने हात उचलला. मला वाटलं, आता तो मागे झटकणार आणि ती नेहमीचं म्हणणार. पण तो हात डीजेवाल्याकडे गेला.

"लाव," ती म्हणाली.

ते तिचं शेवटचं लग्न. वेशीवरचा देव त्या दिवशी बोलवायचाच राहिला.