पेटाऱ्याखालच्या फळ्या

घर विकत घेण्याआधी ते नीट तपासून घ्यावं, या मताची मी आहे. आमच्या धाकट्या दिरांचा उजवा पाय या मताचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाड्याच्या खोल्या दिवाळीआधी रिकाम्या करायच्या होत्या, आणि मंगळवार पेठेतलं अप्पांचं जुनं दुमजली घर सोडलं तर आमच्या ऐपतीत दुसरं काहीच बसत नव्हतं. ह्यांना ते दारातूनच पसंत पडलं. (ह्यांना सगळंच दारातून पसंत पडतं. मीसुद्धा तशीच पडले होते.) मी मात्र यादी करून गेले होते: भिंतींची ओल, तुळयांची वाळवी, माडीची मजबुती. शेवटच्या कलमासाठी तात्यांना, म्हणजे दिरांना, बरोबर घेतलं. तालमीतला गडी, वजनाला म्हशीचा धाकटा भाऊ!

ओल दिसली नाही. वाळवी दिसली नाही. मला संशय यायला लागला.

माडीला लाकडी फळ्यांची जमीन, आणि कोपऱ्यात एक लांबलचक पेटारा. मी म्हटलं, "हा जरा सरकवा."

अप्पा चपापले. "आसू द्या की ताई. तिथं काय न्हाय!"

मालक नको म्हणतो, म्हणजे तिथंच पाणी मुरतंय! तात्यांनी एका हिसक्यात पेटारा सरकवला. खाली फळ्या ताजा रंग दिलेल्या, दिसायला अगदी नव्याकोऱ्या. पण दिसण्यावर भुलणारी मी नव्हे.

"तात्या, मारा इथं बैठका!"

"जोरात मारू व्हय, वैनी?"

"मारा! घर पडायचं असेल तर आत्ताच पडू दे!"

"आवो पावणं, तिथं न..." अप्पा ओरडले.

कडाड्! तात्या कमरेपर्यंतच उरले.

खालच्या स्वयंपाकघरातून अप्पांच्या बायकोची किंकाळी आली. "आवो, ह्यो पाय कुणाचा हाय? रश्शात बुडालाय की!"

"काकू, आधी पातेलं सरकवा!" तात्या बोंबलले. "पोळतंय!"

"रंगाखाली फळ्या कुजक्या आहेत, हे सांगायचं नाही का?" मी अप्पांवर कडाडले.

"घर इकताना सांगतंय व्हय कोण?"

ह्यांनी काखेत हात घालून तात्यांना उपसलं. वर येताना तात्या आणखी दोन फळ्या घेऊन आले.

आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? दिवाळी तोंडावर, भोक आमच्याच माणसानं पाडलेलं, आणि वर काकूंनी त्याच पातेल्यातला रस्सा आग्रहानं वाढला! (तात्यांनी रश्शाला नको म्हटल्याची ही एकमेव नोंद.) घर घेतलं. पेटारा अप्पांनी फुकट दिला.

'माडीच्या फळ्या बदलणे' हे माझ्या यादीतलं पहिलं काम. दरवर्षी नवी यादी करते, त्यातही ते पहिलंच असतं. तोवर भोकावर पेटारा आहे.

परवा एक पाहुणे माडी बघायला गेले आणि नेमके त्या कोपऱ्याकडे वळले. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं,

"आसू द्या की पावणं. तिथं काय न्हाय!"